गाठ नव्हतीच ती, अक्का

प्रिय अक्का,

तू फोन केलास तेव्हा, "किती दिवस उशिरा आली?" एवढं मी तुला का विचारलं नाही?

वर्ष झालं, मी स्वतःला हे विचारते आहे आणि मला उत्तर येत नाही. दमले होते म्हणू? दुसऱ्या दिवशी परीक्षा होती म्हणू? दोन्ही खरं आहे, पण उत्तर त्यातलं एकही नाही. पंधरा वर्षं शिकले मी. घरातली पहिली पदवीधर म्हणून मायनं गावात पेढे वाटले. आणि चार शब्दांचा एक प्रश्न मला वेळेवर सुचला नाही.

आज लिहायला बसले, कारण आज रविवार आहे आणि दुपारी दाजींचे चुलते आपल्या घरी निरोप न्यायला येणार आहेत. निरोप माझ्या लग्नाचा. दाजींशी.

दचकलीस ना? मीही दचकले होते. तुझ्या वर्षश्राद्धाला आम्ही तुझ्या गावी गेलो होतो. पंगत उठली आणि चुलत्यांनी मायला बाजूला घेतलं. मी पत्रावळ्या गोळा करत होते, सगळं ऐकू येत होतं.

"विहीणबाई, पोरीला दुसरी माय आणण्यापरीस मावशीच आणू की. घरातलं घरात ऱ्हाईल." मग हसून म्हणाले, "आन् हिचं काय गाठ सोडायचं काम बी न्हाई!"

अक्का, तुझ्या नावानं वाढलेलं पान अजून तसंच होतं. त्यावरचा भात मुंग्यांनी धरला होता.

परतीच्या एसटीत माय खिडकीकडं तोंड करून बसली होती. अहमदपूर गेल्यावर म्हणाली, "तनूचं तोंड बघवंना गं. सावत्र आली तर कशी निघंल, कुणाला ठावं? तू अक्काचं लई केलंस. आता तिच्या लेकराचं बी कर."

लई केलंस! हेच सगळे म्हणतात. सख्खी बहीण असावी तर अशी, लातूरला नेलं, नांदेडला नेलं, डॉक्टरांशी कशी फाडफाड बोलली. दहाव्याला बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवले. तू वरून बघत असशील तर तुला काय वाटलं असेल? फोनवर काय झालं ते तुला माहीत आहे. घरादारात माझ्याखेरीज फक्त तुलाच माहीत होतं.

तुला आठवतं, तू ऑपरेशन करून घेतलंस तो दिवस? तनूच्या पाठीवर समर्थ झाला, तो सहा महिन्यांचा झाला आणि तालुक्याच्या दवाखान्यात शिबिर लागलं. चोवीस वर्षांची होतीस. मी दहावीत होते, तुझी देखभाल करायला आले होते. पलंगावर आडवी पडून तू म्हणालीस, "एक पोरगी, एक पोरगा. झालं माझं. गाठ मारून आले." जणू सोयाबीनचं पोतं शिवून आलीस! मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडं सगळ्या बायका तेच म्हणतात. हिनं गाठ मारली, तिनं गाठ मारली.

समर्थ चार वर्षांचा होऊन गेला. तापाचे ते पाच दिवस आणि लातूरचा तो दवाखाना मी इथं लिहिणार नाही. तुझ्यापुढं ते लिहिणारी मी कोण?

त्यानंतरच्या पंचमीला तू माहेरी आलीस. मागच्या दारी गोधडी धूत होतो आपण दोघी. एक टोक तुझ्याकडं, एक माझ्याकडं, पीळ देताना तू थांबलीस.

"जये, गाठ सोडता येती म्हणं."

"कोण म्हणालं?"

"मामी म्हणल्या." सासूला तू मामीच म्हणायचीस. "त्येंच्या भाचीच्या नणंदंनं सोडून घेतली म्हणं. मारलेली गाठ सुटायची न्हाई व्हय?"

मी लगेच म्हणाले, "मी शोधून काढते." कसा जोर होता गं माझ्या आवाजात! मला वाटायचं, आपल्या लोकांचं सगळं दुःख न विचारल्यामुळं आहे. नीट विचारलं, लिहून घेतलं, दोन डॉक्टरांना भेटलं, की रस्ता निघतो. शिकलेल्या बहिणीचा तुला काहीतरी उपयोग व्हायला हवा होता मला. खरं सांगू? तुझ्यापेक्षा मलाच तो व्हायला हवा होता.

लातूरच्या त्या डॉक्टरबाई आठवतात तुला? त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "टाक्याचं की बिनटाक्याचं?"

तू पदर बाजूला करून पोटावरची खूण दाखवलीस. "टाक्याचं."

"कागद आहे का त्या वेळचा?"

"कागुद मामीनं गव्हाच्या कोठीत ठिवला व्हता. उंदरानं खाल्ला." आणि मग अगदी साधेपणानं विचारलंस, "बाई, गाठ सैल करायला किती येळ लागतो?"

त्या हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठीच्या मागं एक पेरूसारखी आकृती काढली, तिला दोन शिंगं काढली. मग पेनानं दोन्ही शिंगं मध्येच खोडली. म्हणाल्या, "नुसती गाठ नसते ती. ही नळी मधून बांधतात आणि तेवढा तुकडा कापून काढतात. दोरा सोडला तरी मधली जागा रिकामीच राहते. दुर्बिणीनं रिंग घातलेली असली तर नळी जरा कमी खराब होते. तुझं टाक्याचं आहे, त्यामुळं किती उरली ते पोट उघडल्याशिवाय कळणार नाही."

तू बराच वेळ ती आकृती बघत राहिलीस. "मग गाठ म्हणतेत कशाला?"

मला कॉलेजात ती आकृती नावांसहित काढता येत होती, अक्का. पाच मार्काला असायची. पण आपल्या गावात त्या आकृतीला एका शब्दानं झाकून ठेवलंय आणि त्या शब्दावर विश्वास ठेवून बायका सही करतात, हे मला तोवर कधी दिसलंच नव्हतं.

मग त्यांनी रस्ते सांगितले. एक म्हणजे पोट उघडून नळीची दोन टोकं बारीक टाक्यांनी पुन्हा जोडायची आणि दर महिन्याला वाट बघायची. तुझं वय कमी आहे, ही जमेची बाजू. पण काहींना दिवस जातात, काहींना नाहीत. आणि जोडलेल्या नळीत गर्भ मध्येच अडकायची भीती असते. दुसरा, टेस्ट ट्यूब बेबी. त्याला नळी लागतच नाही, बीज बाहेर काढून बाहेरच फळवतात आणि गर्भाशयात सोडतात. सुया, हेलपाटे, खर्च, आणि एवढं करूनही खात्री नाही. मग थांबून हळू म्हणाल्या, "मूल दत्तक घेता येतं. किंवा काहीच करायचं नाही, आहे त्या लेकीला वाढवायचं. तोही रस्ताच आहे."

तू माझ्या कानाशी लागलीस, "काहीच करायचं न्हाई, ह्यो कसला रस्ता?"

आता वाटतं, त्या वाक्यापाशी मी थांबायला हवं होतं. मी वहीत पुढचं पान उलटलं.

त्या दिवशी एकच बरी गोष्ट झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या की दोन्हींपैकी काहीही करायचं तर आधी नवऱ्याची तपासणी. आपल्या मागं बसलेले दाजी खुर्चीतून उठलेच! "माझी कशाला? दोन झालीत की!"

"ते तेव्हाचं झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि प्लॅस्टिकची डबी पुढं केली.

दाजी ती डबी रुमालात गुंडाळून, कानाच्या पाळ्या लाल करून बाहेर गेले. अर्धा तास आलेच नाहीत. शेवटी मी बघायला गेले तर टपरीवर चहा पीत होते, डबी खिशात तशीच. तू पदरात तोंड खुपसून हसत होतीस. समर्थ गेल्यावर तुला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

नांदेडच्या डॉक्टरांचंही तेच म्हणणं पडलं. मी वहीत दोन रकाने केले, फायदे आणि तोटे. तू वाचलंस आणि वही मिटलीस. "काचंतलं नगं. दर महिन्याला सुया टोचून घ्यायला कुणाच्या दारात राहू? जोडून घेतलं की घरच्या घरी." आणि मी मान डोलावली. फायद्याचा रकाना एका ओळीनं मोठा होता.

पण त्या आधी कंधारच्या बसमध्ये मी तुला एक विचारलं होतं. खरं सांग, मूल तुला पाहिजे का घरच्यांना?

तू पिशवी मांडीवर घेतलीस. मग म्हणालीस, "मामीला नातू पायजे. ह्येंना काय पायजे ते ह्ये बोलत न्हाईत. माझं इचारशील तर, मला समर्थ परत नगं, जये. तो गेला, मला कळतं. पर म्या दोन लेकरांवर सही केली व्हती. आता एक हाय. मग ती सही खोटीच झाली की न्हाई?"

मी हातातली तिकिटं दुमडत राहिले.

ऑपरेशन नीट झालं. नांदेडच्या डॉक्टरांनी एका बाजूची नळी बरी जुळली म्हणून सांगितलं, दुसरीची खात्री दिली नाही. घरी सोडताना मला समोर बसवून एकेक सूचना लिहून घ्यायला लावल्या. पाळी चुकली की एक दिवससुद्धा थांबायचं नाही, तपासणी करायची. उशिरा येऊन थोडंच, काळसर जायला लागलं, तर ती पाळी समजायची नाही. पोटात एका अंगाला दुखलं, चक्कर आली, खांदा दुखायला लागला, तर गर्भ नळीतच अडकून पोटात रक्त जातंय असं समजायचं आणि तडक दवाखाना. "आणि तीन महिने कुणाला सांगायचं नसतं, ते तुमच्याबाबतीत चालणार नाही," असंही म्हणाले होते.

मी ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं, खांद्याखाली रेघ ओढली, कारण पोटाच्या दुखण्याचा खांद्याशी काय संबंध हे मला तेव्हा नवल वाटलं होतं. त्याची नक्कल तुझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. तू सातवीपर्यंत शिकलेली. तुला वाचता येत होतं ना, अक्का? मग तू का गं वाचलं नाहीस? पाळी नऊ दिवस लांबली होती तुझी! नऊ दिवस तू पाण्याची घागर उचलली नाहीस, एवढं दाजींच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं तर म्हणालीस, "कुणाला बोलू नगा. तीन महिने व्हऊ द्या." मला तरी सांगायचं! मी काय परकी होते? दृष्ट लागली असती माझी?

बघ, पुन्हा तुझ्यावरच ढकलते आहे मी.

तुझा फोन दुपारी आला. मी नांदेडला होस्टेलच्या जिन्यात बसून दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलचं वाचत होते.

"जये, न्हाई झालं बग. बाहीर बसले आज."

"अगं अक्का..."

"थोडंच हाय. काळं काळं. एका अंगाला लई दुखाय लागलंय."

"पहिल्या दिवशी दुखतंच की."

"हाव. खांदा बी धरलाय. काल दिसभर गवत कापलं, म्हणून आसंल."

"बाम लाव. आणि मनाला लावून घेऊ नको. पुढच्या महिन्यात बघू."

"तुझी परीक्षा कधी हाय?"

"उद्या."

"जा मग, वाच. डॉक्टरीणबाई!"

एवढंच. तू सगळं सांगितलंस, अक्का. मी लिहिलेलं एकेक वाक्य तू मला फोनवर म्हणून दाखवलंस, आणि मी तुला बाम लावायला सांगितलं. वही माझ्या पिशवीत होती. जिन्याच्या त्याच पायरीवर.

तू बाहेर बसलेली, म्हणून तुझी जागा मागच्या खोलीत, पोत्यांच्या शेजारी. तुझं ताट दारातून सरकवलं. दुखतंय म्हणालीस म्हणून मामींनी ओवा भाजून पुडीत बांधून दिला, गरम पाण्याचा तांब्या ठेवला. बाहेर बसलेली बाई पोट धरून पडली, तर त्यात कुणाला काय वाटणार? चार दिवस ती पडायचीच असते. सकाळी मामी आंघोळ करून देवापुढं बसल्या होत्या. तू हाकेला ओ दिली नाहीस. त्यांनी उंबऱ्यातून बघितलं, तू पांढरी पडली होतीस. त्या आत गेल्या नाहीत. तनूला म्हणाल्या, "आईला हालवून बघ गं." मग दाजींना शेतातून बोलवायला माणूस धाडला. मग जीप. औसा यायच्या आधीच तू गेलीस.

नांदेडला मी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत आकृती काढत होते.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. तू गेल्यावर सगळं गाव मामींना बोललं. विटाळापायी सून घालवली म्हणाले. त्या बोरवरच्या नळाला गेल्या की बायका बोलणं थांबवायच्या. दाजी तर अजूनही त्यांच्या हातचं जेवतात आणि मान वर करत नाहीत. आणि यात मी काय केलं, माहीत आहे? दहाव्या दिवशी, सगळ्यांसमोर, मी मामींवर ओरडले. "विटाळ झाला म्हणून माणूस मरू द्यायचं व्हय? शिवलं असतं तर काय देव कोपला असता?"

सगळ्या बायका माझ्या बाजूनं बोलल्या. शिकलेली पोरगी कशी खरं बोलली! मामी खाली बघत राहिल्या.

मी जे बोलले ते खोटं नव्हतं. पण ते बोलताना मी माझा फोन झाकून ठेवत होते. मामींवर जेवढी जोरात ओरडले, तेवढं माझं मला ऐकू येईनासं झालं. पुढंही गप्पच राहिले. वर्षभर.

मधे एकदा लातूरच्या डॉक्टरबाईंकडं एकटीच गेले होते. वही पुढं ठेवली, दुपारचा फोन सांगितला, विचारलं, "त्याच वेळी तिला आणलं असतं तर?" त्यांनी वही वाचली. खांद्याखालची रेघ बघितली. वही मिटून माझ्याकडं सरकवली आणि म्हणाल्या, "पाणी घेतेस का?"

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मी पाणी प्यायले आणि उठले.

म्हणून सांगते, निरोप आला तेव्हा पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं. वाटलं, हीच शिक्षा बरी. तुझ्या चुलीपुढं बसावं, तनूच्या वेण्या घालाव्यात, मामींना हवा तो नातू द्यावा. बीएड नाही झालं तर नाही. तनूचा शाळेतून फोन आला, "मावशी, तू आमच्याकडं येणार हायस का? आज्जी म्हणली," तेव्हा तर माझ्या तोंडून हो निघालंच होतं.

मग तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, मी त्या घरात जाईन ती कोण म्हणून? जिनं अक्काचं लई केलं ती. मामी मला जपतील, कारण मी तुझी बहीण. दाजी मला मान देतील, कारण मी तुला दवाखान्यात फिरवलं. आणि रोज सकाळी मामी माझ्यासमोर खाली मान घालून बसतील, एका अशा गोष्टीसाठी जी त्यांनी एकटीनं केली नाही. तनू मोठी होईल आणि तिलाही तेच सांगितलं जाईल, की तुझ्या आज्जीनं तुझी आई मारली. अशा घरात मी कुणाची आई होणार होते?

दुसरं काहीच माझ्या हातात नव्हतं, अक्का. तुला परत आणता येत नाही. दाजींना धीर देता येत नाही. चुलत्यांच्या तोंडाला हात लावता येत नाही. एवढं एक होतं.

परवा, शुक्रवारी, मायला बीएडच्या फॉर्मचं कारण सांगून मी कंधारहून निघाले. लातूरला गाडी बदलली, निलंग्यात बदलली, ऊन डोक्यावर आलं तेव्हा तुझ्या अंगणात उभी होते. तनू शाळेत होती. दाजी फवारणीचा पंप उघडून बसले होते. मामी सुपात तूर निवडत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, होकार घेऊन आले.

"ये गं बाई. च्या ठिवते."

"नको मामी, बसा. मला सांगायचंय."

मी उभ्यानंच सांगितलं. अक्कानं दुपारी मला फोन केला होता. थोडं काळसर जातंय म्हणाली, एका अंगाला दुखतंय म्हणाली, खांदा धरलाय म्हणाली. हे तिन्ही झालं की लगेच दवाखान्यात न्यायचं, असं मी माझ्या हातानं लिहून घेतलं होतं. मी तिला बाम लाव म्हणाले.

दाजींच्या हातातला पाना खाली पडला. "खांदा? मला खांद्याचं बोलली न्हाई ती."

"तुम्हाला नऊ दिवस माहीत होते, दाजी. मला ते माहीत नव्हते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "पर तू तर शिकलेली व्हतीस," म्हणाले.

"होय."

ते उठून हौदाकडं गेले आणि तिथंच पाठमोरे उभे राहिले.

मामींनी सूप खाली ठेवलं होतं. तूर सांडली होती. मला वाटलं, आता त्या मला बोलतील, दहाव्याला मी बोलले तसं. बोलायला हवं होतं. त्या पदरानं तोंड पुसत एवढंच म्हणाल्या, "म्हंजी म्या एकलीच न्हवते."

आणि मग रडायला लागल्या. आवाज न करता. वर्षभरात मी त्यांना रडताना बघितलंच नव्हतं, अक्का. कुणी रडू दिलं नव्हतं त्यांना.

त्या शांत झाल्यावर मी म्हणाले, "मामी, मी या घरात सून म्हणून यायची नाही. मावशी म्हणून येत जाईन. आणि तनू वयात येईल तेव्हा तिला मागच्या खोलीत बसवू नका. तारीख लिहायला मी शिकवीन तिला."

मामी सांडलेली तूर एकेक दाणा गोळा करत राहिल्या. मीही खाली बसले आणि गोळा करू लागले. निघेपर्यंत दाजी हौदापासून हलले नाहीत.

माझं मन हलकं झालं असं समजू नकोस. काही हलकं होत नाही. काल मायला सगळं सांगितलं, ती तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. ती बोलेल तेव्हा काय बोलेल, कोण जाणे. आणि तुझी तरी मी माफी कशी मागू? तू "डॉक्टरीणबाई" म्हणून हसत फोन ठेवलास. तुझ्या मनात माझ्याविषयी राग आलाच नसेल, हे मला जास्त सोसवत नाही.

एक शब्द देते तुला. तनू मला कधीही, काहीही सांगायला लागली, की मी आधी विचारीन, मग बोलेन. हातात पेपर असो की उद्या परीक्षा. आणि ती मोठी होऊन कसल्या कागदावर सही करायला बसली, तर त्या कागदातला प्रत्येक शब्द तिला उलगडून सांगितल्याशिवाय मी तिच्या हातात पेन देणार नाही. गाठ म्हणजे काय, तेसुद्धा.

दारात गाडी थांबल्याचा आवाज आला. चुलते आले असावेत. येऊ देत. चहा ठेवते. त्यांना न्यायचा तो निरोप मी परवाच तुझ्या अंगणात उभी राहून देऊन आले आहे.

उशिरा बोलणारी,
तुझी जयू